एका बोटानं उघडणारं दार

मिस्त्रीच्या हातचं दार एका बोटानं उघडतं, असं गावात कौतुकानं म्हणत. त्याच्या वडिलांच्या दारांबद्दलही तेच म्हणत असत. दार बसवून झालं की वडील घरमालकाला जवळ बोलवायचे, त्याची करंगळी झडपेला टेकवायचे आणि म्हणायचे, "ढकला." दार कुरकुर न करता सरकायचं, मालक खूश व्हायचा, आणि मगच वडील हत्यारं पिशवीत भरायचे. मिस्त्रीनं ती रीत चालू ठेवली होती. दाढी करायला चार-चार दिवस विसरणारा हा माणूस करंगळीची परीक्षा मात्र कधी विसरायचा नाही.

त्यामुळे चर्चचं नवं दार सलग तिसऱ्या सकाळी उघडेना, तेव्हा त्याला भीती वाटली नाही. राग आला.

"काल मी स्वतः दोन सूत, चांगलं पाव इंच, रंधून गेलो होतो," तो टीचरना म्हणाला. "तुमच्यासमोर. करंगळीनं उघडलं होतं की नाही?"

"उघडलं होतं," टीचर म्हणाल्या.

टीचर म्हणजे शाळेतल्या टीचर. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, मिस्त्रीसुद्धा. फादर अजून दवाखान्यात होते, म्हणून चर्चच्या दुरुस्तीचं सगळं टीचर बघत होत्या. रोज सकाळी नऊ वाजता त्या किल्ली घेऊन यायच्या, पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसायच्या आणि मिस्त्रीचं काम संपेपर्यंत हलायच्या नाहीत.

"मग आज का अडकलं?"

टीचरनी चष्मा पुसला. "लाकूड फुगतं म्हणे," त्या म्हणाल्या.

आवाजात टोमणा नव्हता. फळ्यावरचं वाक्य वाचावं तसं त्यांनी ते वाचलं होतं. मिस्त्रीनं मान खाली घातली आणि रंध्याचं पातं घासायला घेतलं.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी, प्रार्थना चालू असताना हे चर्च पेटवलं गेलं होतं. त्याआधी पंधरा दिवस गावात कुजबुज होती. तिथे म्हणे लोकांना बाटवतात, तिथे म्हणे पोरांना काहीबाही शिकवतात. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण ऐकलं सगळ्यांनी होतं. त्या सकाळी आत तीस-बत्तीस माणसं होती. बहुतेकजण मागच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडले. तिघं आधी मोठ्या दाराकडे धावले होते, ते राहिले. घंटा वाजवणारे म्हातारे घंटाकाका. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. आणि नर्सबाईंची सात वर्षांची मुलगी.

त्या मुलीला मिस्त्री 'बांगडी' म्हणायचा. शाळा सुटली की ती त्याच्या दुकानात यायची आणि रंध्यातून निघालेले लांब, कुरळे छिलके निवडून दोन्ही मनगटांत घालायची. "आज सागाच्या आहेत का, काका?" असं एखाद्या गिऱ्हाइकासारखं विचारायची. तिची आठवण आली की मिस्त्री हातातलं काम जास्त जोरात करायचा.

जुनं दार वडिलांनी केलेलं होतं. दोन झडपांचं, आत उघडणारं, बाहेरून दोन जाड लोखंडी कड्या. ते का उघडलं नाही, हा प्रश्न चौकशीत आलाच. तेव्हा चौकशीचे साहेब कागद घेऊन दुकानावर आले. माणूस गोड बोलणारा होता.

"तुझ्या वडिलांनी केलेलं दार ना? मग तूच जाणकार. मला सांग, लाकूड फुगतं की नाही?"

"फुगतं, साहेब."

"फुगलं की दार अडकतं?"

"अडकतं."

"झालं तर. कर सही."

कागदावर लिहिलं होतं की, दाराचं लाकूड फुगून ते चौकटीत घट्ट बसलं होतं, त्यामुळे आतल्या लोकांना ते उघडता आलं नाही. मिस्त्रीनं ते दोनदा वाचलं. वडिलांनी मुरलेल्या सागाचं केलेलं दार, चाळीस वर्षांत केसभर न हललेलं, ऐन कोरड्या हवेत फुगलं? एखाद्या नवशिक्यानंही हसावं असं ते होतं. मिस्त्रीनं सही केली.

कारण त्याला खरं माहीत होतं. आग विझल्यावर तो इतरांबरोबर राख उपसायला गेला होता, तेव्हा पायरीपाशी त्याला अर्धवट जळलेलं हातभर लाकूड सापडलं होतं. टोकाला निळ्या खडूची तिरकी रेघ आणि खाली दोन टिंबं. दुकानात आलेल्या प्रत्येक लांब तुकड्यावर वडील अशी खूण करायचे आणि तोही करायचा. त्यानं ते लाकूड कुणाच्या नकळत पिशवीत टाकलं, घरी आणलं आणि माळ्यावर सगळ्यात मागे सारलं.

आणि त्याला एक जेवण आठवत होतं. आगीच्या आदल्या बुधवारी तो आणि त्याचा धाकटा भाऊ शेजारी बसून जेवत होते. धाकटा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर त्यानंच त्याला वाढवलं, तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याला सुतारकाम शिकवायला घेतलं आणि सहाव्या महिन्यात करवतीनं त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नेलं. त्यानंतर धाकट्यानं हत्याराला हात लावला नाही. दिवसभर कुठल्या कुठल्या टोळक्यात असायचा. आणि त्या बुधवारी तो आपण होऊन म्हणाला होता, "दादा, ते चर्चचं दार आत उघडतं ना? ते बाहेरून बंद करायचं तर कसं रे?"

मिस्त्रीला इतका आनंद झाला होता! इतक्या वर्षांनी पोरगा दाराबद्दल काहीतरी विचारत होता. त्यानं उष्ट्या हातानं ताटात रेघा ओढून दाखवल्या. "सोपं आहे. चौकटीहून हातभर लांब अडसर घ्यायचा, दोन्ही कड्यांतून आडवा सारायचा. मग आतून हत्ती लाव, दार उघडणार नाही." आणि वर हसून म्हणाला होता, "बाबांचं दार आहे, मोडायचं नाही."

धाकट्याला त्यानं नंतर काही विचारलं नाही. धाकट्यानंही काही सांगितलं नाही. दोघं भाऊ एका घरात मूग गिळून बसले होते.

टीचरनी नवं दार सांगायला बोलावलं तेव्हा नाही म्हणावं असं त्याच्या मनात फार आलं. पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "या वेळी बाहेर उघडणारं कर."

तर ते बाहेर उघडणारं दार तिसऱ्यांदा अडकलं होतं. मिस्त्री मागच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरला, खांदा लावून त्यानं झडपा मोकळ्या केल्या, बिजागऱ्यांतून उतरवल्या आणि मापल्या. चौकटीचं माप पहिल्या दिवशी होतं तेवढंच होतं. प्रत्येक झडप बरोबर तीस इंच, पहिल्या दिवशी केली होती तेवढीच. पण कालच तर दोन सूत कमी केली होती. परवा दोन सूत. पायाशी छिलक्यांचे ढीगही पडलेले होते. त्यानं टेप बदलली, टीचरची लाकडी पट्टी मागून घेतली. तीस इंच.

त्यानं या वेळी चार सूत काढलं. दार बसवलं, करंगळीनं उघडलं. दोन झडपांमधून आता सरळ पलीकडचा रस्ता दिसत होता, मुंगीच काय, उंदीरही गेला असता. छिलके त्यानं एका कोपऱ्यात लोटले. टीचरनी कुलूप लावलं.

चौथ्या सकाळी दार अडकलेलं होतं. फटीत पोस्टकार्डही शिरत नव्हतं.

मिस्त्रीनं लाकूड हुंगलं. नव्या सागाला एक गोडसर, चामड्यासारखा वास असतो. याला धुराचा वास होता. भिंतीतला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. चर्चला सगळीकडेच तो वास होता, नव्या चुन्यातूनही येत होता. मग त्यानं कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. काल त्यात हातभर लांबीचे चांगले पंधरा-वीस छिलके होते. आता नुसते बारीक तुकडे उरले होते.

"टीचर, झाडलं का कुणी?"

"किल्ली माझ्याकडे असते," टीचर म्हणाल्या आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्याच आठवड्यात गावातली इतर दारं बिघडायला लागली. आधी शाळेतलं नकाशांचं कपाट. मग शिंप्याच्या दुकानाचा दरवाजा. मग केशकर्तनालयाचा मालक स्वतःच्या न्हाणीत पाऊण तास अडकला, आणि साबणानं माखलेल्या अवस्थेत त्यानं खिडकीतून कुणाकुणाला हाका मारल्या, याच्या गोष्टी सांगून लोकांनी दोन दिवस काढले. "मिस्त्री, तुझी दारं रुसली रे," जो तो म्हणायचा. मिस्त्रीही हसायचा. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मोजत राहायचा. अडकलेलं प्रत्येक दार एक तर त्याच्या हातचं होतं नाही तर वडिलांच्या. दुसऱ्या सुतारांची दारं ठणठणीत होती.

"हवा कोरडी आहे," त्याची बायको म्हणाली. "माझ्या ओठांना भेगा पडल्यात. आणि तुमची लाकडं फुगतात कशी?"

तो हत्यारांची पिशवी आवरायला लागला. तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

बाराव्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवायला घरी आला. घरात दोनच खोल्यांना दारं होती, आणि धाकट्याच्या खोलीचं दार मिस्त्रीनं स्वतः केलेलं होतं. बोट गेल्यावर पोरगा कुणासमोर यायचा नाही, तेव्हा त्यानं हौसेनं ही खोली त्याला करून दिली होती. दार एका झडपेचं, आतल्या बाजूला तीन हात पॉलिश.

"दादा," धाकट्याचा आवाज आतून आला. "दार लागलंय बघ. कडी काढली तरी उघडत नाही."

"ओढ जोरात."

"तासभर ओढतोय."

मिस्त्रीनं खांदा लावला. मग पहार आणली. पहार फटीत शिरेना, कारण फटच नव्हती. लाकूड आणि चौकट एकच असल्यासारखी झाली होती. खिडकीला गज होते, ते वडिलांनी बसवलेले. बिजागऱ्या आतल्या बाजूला, आणि आत हत्यार नव्हतं. त्यानं खिडकीतून पेचकस दिला. स्क्रू जागचे हलेनात, असं धाकटा म्हणाला. मिस्त्री बाहेरून कडेला रंधा मारायला लागला. छिलके पडत होते आणि दार तेवढंच राहत होतं.

"दादा, इथे गरम होतंय."

"उन्हाळा आहे."

"तसं नाही." आतून हुंगल्याचा आवाज आला. मग, "स्वयंपाकघरात काही जळतंय का? वहिनीला बघायला सांग."

बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. चूल केव्हाच विझली होती. तिनं नुसती मान हलवली.

मिस्त्रीनं रंधा खाली ठेवला. तो दाराला तोंड लावून हळूच म्हणाला, "लाकूड फुगलं नव्हतं." दार हललं नाही. तो मोठ्यानं म्हणाला. तरी हललं नाही. आतून धाकटा खोकला.

"दादा, तू आत कुणाला पाठवलंस का?" त्यानं विचारलं.

"मी कुणाला कसा पाठवीन? दार तर बंद आहे."

आत कॉट करकरली.

मिस्त्री माळ्यावर चढला. मागे सारलेलं ते जळकं लाकूड काढलं, काखेत मारलं आणि अनवाणीच निघाला. भर दुपारी रस्त्यातून पळणाऱ्या मिस्त्रीला पाहून शिंपी म्हणाला, "काय रे, कुठे आग लागलीय?" आणि बोलून गेल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

चौकशीच्या कचेरीत साहेब जेवण करून सुस्तावले होते. मिस्त्रीनं लाकूड त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"माझी सही खोटी आहे. मला दुसरा जबाब लिहायचाय. आत्ता."

"अरे, तो विषय मिटला," साहेब गोडीत म्हणाले. "फाइल वर गेली. आता कशाला उकरून काढतोस? गाव शांत झालंय."

"लिहून घ्या, साहेब."

"उद्या ये. कारकून—"

"आत्ता." मिस्त्रीचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची बाई टाइप करायची थांबली. दारापाशी दोन-चार माणसं जमली. साहेबांनी त्या माणसांकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं आणि कारकुनाला खूण केली. कारकुनानं कागद शोधला. मग कार्बन शोधला. पेन झटकलं, ते उमटेना, दुसरं घेतलं. मिस्त्री उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर धाकटा दिसत होता, आताचा नाही, पाच वर्षांचा, भुशाच्या ढिगावर झोपलेला.

"हं, सांग."

"लाकूड फुगलं नव्हतं. माझ्या वडिलांनी केलेलं दार कधीच फुगलं नाही. बाहेरच्या कड्यांतून अडसर घातला होता. अडसर माझ्या दुकानातला. तो हा."

कारकून लिहीत होता.

"अडसर कसा घालायचा ते मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

मिस्त्रीला वाटलं, इथे थांबावं. एवढं पुरे झालं असेल. दार उघडलं असेल. मग त्याला धाकट्याचा खोकला आठवला, आणि त्याच्यामागोमाग, न बोलावता, दोन्ही हातांत छिलक्यांच्या बांगड्या घातलेली पोर आठवली.

"माझ्या धाकट्या भावाला," तो म्हणाला. "जेवताना."

त्यानं सही केली. या वेळी अक्षर स्वच्छ आलं.

घरी पोचला तेव्हा धाकट्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बायको म्हणाली, हातही लावला नव्हता, आपोआप सरकलं. "केव्हा?" त्यानं विचारलं. "आत्ताच, पाचेक मिनिटं झाली."

धाकटा ओट्यावर बसला होता. घामानं भिजलेला, पण सुखरूप. तो तांब्याभर पाणी प्यायला आणि त्यानं दादाकडे पाहिलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"माझं नाव?"

"हो."

धाकट्यानं मान डोलावली. रागावला नाही, रडला नाही. कचेरीतली माणसं आली तेव्हा तो आपणच उठला. चपला घातल्या. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाला, "आणखी चौघं होतो आम्ही. त्यांचीही नावं सांगतो." मग दादाच्या पाया पडायला वाकला. मिस्त्रीला त्याला उचलून पोटाशी धरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. दोन्ही झालं नाही. तो नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो चर्चवर गेला. टीचरनी कुलूप काढलं. रात्रीतून झडपा कमी होऊन गेल्या होत्या. रोज रोज काढलेलं सगळं सूत आज एकदम दिसत होतं, मध्ये चार बोटांची फट होती. दार नव्यानं करावं लागणार होतं. टीचरनी न विचारताच फटीत आपली करंगळी घालून झडप ओढली. दार अलगद बाहेर आलं.

"काल कळलं मला," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या उघड्या दारातून आत पाहत होत्या. "शाळेत तुझी उत्तरं नेहमी उशिरा यायची. पण यायची."

"टीचर, मी..."

"आज काही बोलू नकोस. नवं लाकूड केव्हा आणतोस ते सांग."

ती माफी नव्हती, हे त्याला समजलं. त्याला ती मागायचा धीरही नव्हता.

त्या दिवशी गावातली सगळी दारं सुटली. शिंपी तेवढं सांगायला आला आणि बसला नाही. बरेचजण आता मिस्त्रीशी बोलणार नव्हते, काही या कारणानं, काही त्या.

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको धाकट्याची खोली झाडत होती. उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता. ती कॉटखालून केरसुणीनं काहीतरी पुढे ओढत होती.

"तुम्ही काल बाहेरूनच रंधा मारत होतात ना?"

"बाहेरूनच. का?"

तिनं केरसुणी बाजूला केली. कॉटखालून सागाचे छिलके निघाले होते. हातभर लांब, कुरळे, चांगले निवडलेले. काहींची टोकं एकमेकांत अडकवून गोल केली होती.

मिस्त्री खाली बसला. छिलक्यांना हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. बसल्या जागेवरून त्याची नजर दाराच्या आतल्या बाजूकडे गेली. तीन हात दिलेलं पॉलिश. त्यावर पंजे उमटले होते, गरम हातांखाली पॉलिश मऊ पडावं तसे, कोरलेले नाही, रंगवलेले नाही. खांद्याच्या उंचीवर बरेच. थोडे त्याखाली. आणि अगदी खाली, कमरेएवढ्या उंचीवर, लहान लहान.

"भावजींचेच असतील," बायको म्हणाली. "केवढं बडवलं असेल बिचाऱ्यांनी."

"असतील," तो म्हणाला.

ती केर घेऊन बाहेर गेली. मिस्त्री उठला आणि दाराजवळ गेला. लाकूड बघायची सवय असलेल्या डोळ्यांनी त्यानं डावे पंजे सोडून दिले आणि फक्त उजवे बघितले. वरपासून खालपर्यंत, एकही न गाळता, त्यानं बोटं मोजली.

प्रत्येक पंजाला पाच होती.